जगाची बातमी आपल्या तालुक्याच्या वहीत: परराष्ट्रांतल्या घडामोडी गोव्याच्या पोटापाण्यापर्यंत कशा पोचतात आणि आपण त्यांचा हिशेब कसा ठेवावा

२०१३च्या पावसाळ्यात डिचोलीहून उसगावकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना खनिज वाहणारे टिपर उभे असायचे. एकदा मी ते मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. चाकांभोवती टाकळा माजला होता. एका हौद्यात पाणी साचून त्यात बेडूक ओरडत होते. साखळीला चहा घ्यायला थांबलो, तर एक ओळखीचे टिपरमालक भेटले. म्हणाले, "दादा, तुम्ही बंदरावर कागद करता. मला एवढेच सांगा, आमचा धंदा चीनने बुडवला की कोर्टाने? बँकेचा माणूस तर हप्ता मागताना काही विचारत नाही."

वास्कोत निर्यातीचे कागद करण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. कुठला माल, कुठल्या जहाजात, कुठल्या देशाला आणि कोण पैसे देणार हे रोज डोळ्यांखालून जायचे. तरी त्या दिवशी मला त्यांना नीट उत्तर देता आले नाही. पुढे मी एक वही घातली आणि त्या वहीतून हळूहळू एक पद्धत तयार झाली. दुकानदार, बागायतदार, शॅकवाले (किनाऱ्यावर हंगामी खानावळ चालवणारे), छोटे निर्यातदार, पंच आणि घरातले कुणी बोटीवर किंवा आखातात असलेली कुटुंबे, अशा सगळ्यांना ती वापरता येईल. तिला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. चौकस स्वभाव आणि महिन्यातून दोन तास लागतात.

पहिली पायरी: पैशाचा माग तीन घरे मागे काढा

एक कागद घ्या. आपल्या वाड्यावर, बाजारात किंवा पंचायतीत पैसा कशातून येतो ते लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न तीनदा विचारा: हा पैसा माझ्या हातात येण्याआधी कुणाच्या हातात होता?

मोरजीला भाजी पुरवणारी बाई घ्या. तिचा पैसा शॅकवाल्याकडून येतो, शॅकवाल्याचा रशियन पाहुण्याकडून, पाहुण्याचा रूबलमधल्या पगारातून. आणि रूबलचा भाव खनिज तेलावर हलतो. म्हणजे पेडणे तालुक्यातली वांगी तेलाच्या पिंपाला बांधलेली आहेत! साखळीच्या गॅरेजवाल्याचा पैसा टिपरमालकाकडून, त्याचा खाणीकडून आणि खाणीचा चीनमधल्या पोलादाच्या भट्टीकडून. सासष्टीत नव्या कौलांचे घर दिसते, त्यामागे क्रूझवर काम करणारा तारवटी मुलगा असतो. वेर्ण्यातल्या कामगाराच्या ओव्हरटाइममागे अमेरिकेतल्या औषध खरेदीदाराची ऑर्डर असते आणि चीनहून आलेले कच्चे रसायनही असते. सत्तरीतल्या बागायतदाराला वाटते, आपला काजू तर झाडाचा, त्याचा जगाशी काय संबंध? पण कारखानदार त्याच्या बियांचा दर ठरवताना पश्चिम आफ्रिकेतून येणाऱ्या बियांचा दर समोर ठेवतो.

वीस-पंचवीस घरे विचारलीत तरी चित्र उमटते. किराणा दुकानदार, पेट्रोलपंपावरचा मॅनेजर आणि सोसायटीचा सचिव या तिघांना जरूर विचारा. गावात पैसा कधी आटतो ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळते. शेवटी प्रत्येक ओळीपुढे अंदाज लिहा, रुपयातले किती आणे बाहेरच्या देशावर अवलंबून आहेत. अचूक आकडा नको. बारा आणे की दोन आणे, एवढा फरक कळला तरी पुष्कळ झाले.

दुसरी पायरी: बातमी कुठल्या वाटेने येते ते ओळखा

माझ्या अनुभवात जगाची घडामोड गोव्यात चार वाटांनी शिरते. माल, माणूस, चलन आणि हुकूम. माल म्हणजे जहाजांचे मार्ग, भाडे, कच्चा माल. माणूस म्हणजे येणारा पाहुणा आणि जाणारा कामगार. चलन म्हणजे विनिमयदर. हुकूम म्हणजे निर्यातशुल्क, आयातकर, व्हिसा, निर्बंध. वर्तमानपत्रात युद्धाची बातमी आली की पहिले विचारायचे ते हे, की यातली कुठली वाट हलणार आहे. युद्ध लांबचे असते, पण वाट आपल्या दारातून जाते.

हे आजचे नाही. २६ डिसेंबर १८७८ रोजी पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यात करार झाला. त्यातून मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे आली. पण त्याच कराराने गोव्यातल्या मिठाच्या उत्पादनावर आणि विक्रीवर ब्रिटिशांचे नियंत्रण बसले. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळाले, आणि मिठागरावर राबणाऱ्यांच्या हाती काय राहिले? १८९२मध्ये करार संपला, तोवर कितीतरी घरांतली माणसे मुंबईची वाट धरून गेली होती. सही लिस्बनला झाली आणि हुकूम मिठागराच्या बांधापर्यंत पोचला.

पुढे १९५५मध्ये भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. बाजार एका बाजूने बंद झाला. त्याच सुमाराला जपानच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवे होते. नाकेबंदीच्या त्या वर्षांत खाणींनी जोर धरला. मुक्त गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, हे विसरू नये. एक दार लागताना दुसरे उघडले, असे आपल्या इतिहासात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. म्हणून वहीत दोन रकाने ठेवावेत, एक लागणाऱ्या दारांचा आणि एक उघडणाऱ्यांचा.

तिसरी पायरी: जगाचे कारण आणि घरचे कारण वेगळे करा

हीच पायरी बहुतेक जण गाळतात, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. त्या टिपरमालकांच्या प्रश्नाचे खरे उत्तरही इथेच आहे, म्हणून खनिजाची गोष्ट सावकाश सांगतो.

गोव्याचे बहुतांश लोहखनिज हलक्या प्रतीचे, म्हणजे लोहाचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या खाली. देशातल्या पोलाद कारखान्यांना त्याची फारशी गोडी नव्हती. त्यामुळे जवळजवळ सगळा माल खाणीवरून टिपरने धक्क्यावर, तिथून बार्जमधून मांडवी-झुवारीने मुरगावला आणि पुढे परदेशी. आधी मुख्य गिऱ्हाईक जपान. मग २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या आधीच्या वर्षांत चीनची भूक अशी वाढली की जास्त लोहाच्या मालात मिसळायला आपली 'फाइन्स', म्हणजे खनिजाची बारीक भुकटीसुद्धा उचलली जाऊ लागली. २००० सालच्या आसपास वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात असलेली निर्यात २०१०-११मध्ये पाच कोटी टनांच्या वर गेली. फेब्रुवारी २०११मध्ये आंतरराष्ट्रीय भाव टनाला १९० डॉलरच्या जवळ पोचला. ज्याने आयुष्यात गाडी घेतली नव्हती, त्याने कर्ज काढून दोन-दोन टिपर घेतले.

मग तीन गोष्टी लागोपाठ आल्या. २०११च्या अखेरीस केंद्राने निर्यातशुल्क ३० टक्के केले, हा हुकूम. सप्टेंबर २०१२मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, हे घरचे कारण, नियम मोडून झालेल्या उपशाचे. तिसरी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही, कारण तेव्हा खाणी बंदच होत्या. चीनची वाढ मंदावत गेली आणि डिसेंबर २०१५मध्ये तोच भाव ४० डॉलरच्या खाली आला. एप्रिल २०१४मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत परवानगी दिली होती, तरी जुने दिवस परतले नाहीत, त्याचे हे मोठे कारण. पुढे ७ फेब्रुवारी २०१८च्या निकालाने ८८ लिजांचे (खाणपट्ट्यांचे) नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा थांबले. हे पुन्हा घरचे कारण.

तर उत्तर असे: बंदी न्यायालयाची, पण ज्या घाईने डोंगर पोखरले गेले ती घाई चीनच्या भावाची. आणि बंदी आली नसती तरी २०१५मध्ये त्या टिपरचा हप्ता निघाला नसता. हे कळले असते तर दुसरा टिपर घ्यायचा की नाही, याचा विचार निराळा झाला असता.

वहीत प्रत्येक घटनेपुढे 'ज' किंवा 'घ' लिहा. ज म्हणजे जगाचे, घ म्हणजे घरचे. पर्यटनाचेही तसेच करा. परदेशी पाहुणे २०१९मध्ये नऊ लाखांवर होते, २०२४मध्ये पावणेपाच लाखांच्या आसपास. यात युक्रेनच्या युद्धाचा वाटा आहे, पण टॅक्सीचे भांडण, किनाऱ्यावरचा कचरा आणि वाढलेले खोलीभाडे हे पुतीन यांनी केलेले नाही. जे 'घ' आहे ते आपल्याला सुधारता येते, म्हणून ते झाकून ठेवणे परवडत नाही.

चौथी पायरी: बातमीपासून गल्ल्यापर्यंत किती दिवस लागतात ते लिहा

प्रत्येक वाटेचा वेग वेगळा असतो. हा वेग माहीत असला की घाबरण्याऐवजी तयारीला वेळ मिळतो.

रूबलचे उदाहरण मला फार शिकवून गेले. जून २०१४मध्ये तेल पिंपाला ११० डॉलरच्या वर होते, रूबल डॉलरला ३५च्या आसपास. डिसेंबरच्या मध्यापर्यंत रूबल काही काळ ७०च्याही पुढे घसरला. म्हणजे मॉस्कोतल्या कुटुंबाला गोव्याची सहल दुपटीने महाग. तेलाची घसरण सुरू झाली जुलैत, शॅक उभारायला बांबू आणि माडाची झावळे आणली जातात ऑक्टोबरात. मधले तीन महिने मोकळे होते. त्या हंगामात मोरजीला एका शॅकमध्ये मी दुपारी जेवलो. फळ्यावर रशियन अक्षरांत मेनू, खुर्च्यांवर नवे कापड आणि गिऱ्हाईक आम्ही दोघेच. मालकाने सगळे सामान आगाऊ भरले होते.

चार्टर, म्हणजे सहलीसाठी अख्ख्या भाड्याने घेतलेल्या विमानांचे गणित त्याहून आधी ठरते. सहल कंपन्या पुढच्या हंगामाची विमाने आणि खोल्या आदल्या उन्हाळ्याच्या सुमारास पक्क्या करतात. म्हणून एप्रिल ते जुलैमधली बातमी डिसेंबरचा धंदा सांगते. उलट काही धक्के रात्रीत येतात. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनची थॉमस कुक ही सहल कंपनी कोसळली आणि हंगामाच्या तोंडावर दक्षिण गोव्यातल्या हॉटेलांची आरक्षणे गेली. मार्च २०२२मध्ये रशियात दिलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डे बाहेर चालेनाशी झाली. खिशात कार्ड असूनही बिल देता येत नाही, अशी माणसे त्या आठवड्यात किनाऱ्यावर दिसत होती. त्याच वर्षी ब्रिटिश नागरिकांना भारताचा ई-व्हिसा डिसेंबरपर्यंत मिळत नव्हता. चांगला हंगाम एका अर्जाच्या खिडकीत अडकला.

जहाजमार्ग बदलला की परिणाम दोन-चार आठवड्यांत भाड्यात दिसतो. कारखान्याकडे कच्च्या मालाचा साठा असेल तर झळ दोन-तीन महिन्यांनी लागते. घरच्या मनीऑर्डरचा वेग सगळ्यांत फसवा. नोकरी गेलेला मुलगा लगेच सांगत नाही, बचतीतून पैसे पाठवत राहतो. गावाला कळते तेव्हा सहा महिने उलटलेले असतात.

पाचवी पायरी: वेर्णे आणि वास्को, म्हणजे कारखान्याकडे बघायची नजर

खनिज आणि पर्यटन डोळ्यांना दिसते, म्हणून सगळी चर्चा तिथेच फिरते. वेर्णे, कुंडई या औद्योगिक वसाहतींत किती घरांच्या चुली अवलंबून आहेत, याकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. औषधे हा गोव्याचा मोठा उद्योग आहे आणि भारतातल्या औषध कारखान्यांना लागणाऱ्या मूळ द्रव्यांपैकी मोठा भाग चीनमधून येतो. २०२०च्या सुरुवातीला चीनमधला पुरवठा अडखळला आणि ३ मार्च रोजी भारत सरकारने पॅरासिटामॉलसह २६ घटक आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. म्हणजे मागचे दार जगाने अडवले आणि पुढचे सरकारने, एकाच महिन्यात. अशा कारखान्यात काम करणाऱ्याने किंवा त्याला खोके, लेबले, वाहने पुरवणाऱ्याने विचारायचा प्रश्न साधा आहे: आपल्या मुख्य मालाचा कच्चा माल किती देशांतून येतो? उत्तर 'एक' असेल तर वहीत लाल खूण करा.

वास्कोच्या गोवा शिपयार्डची गोष्ट याच्या उलट बाजूची. २०१४मध्ये क्रिमियावरून रशिया आणि युक्रेनचे बिनसले आणि युक्रेनने रशियन युद्धनौकांना गॅस टर्बाइन इंजिने देणे थांबवले. रशियात अर्धवट राहिलेल्या त्या जातीच्या दोन नौका भारताने घेतल्या, इंजिने युक्रेनकडून मिळवली आणि तंत्रज्ञान घेऊन आणखी दोन वास्कोत बांधायचे ठरले. 'त्रिपुट' जुलै २०२४मध्ये पाण्यात उतरली, 'तवस्य' मार्च २०२५मध्ये. रशियाचा आराखडा, युक्रेनची इंजिने आणि आपल्या मुरगाव तालुक्यातले वेल्डर! दोन देशांच्या भांडणातून तिसरीकडे काम येते ते असे. पण ते आपोआप आले नाही. १९५७पासून तिथे बोटी बांधणारे हात होते आणि श्रीलंकेच्या नौदलासाठी नौका बांधून दिल्याचा अनुभव होता, म्हणून काम झेलता आले. आयटीआयमध्ये जहाजबांधणीचा अभ्यासक्रम निवडताना पालकांनी ही नोंद जरूर वाचावी.

सहावी पायरी: हिशेब रुपयांत करा

बातमी वाचून 'परिणाम होईल' म्हणणे सोपे. किती होईल, ते कागदावर आणा. एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, वास्कोच्या एका छोट्या निर्यातदाराने युरोपला ४० लाखांची गोठवलेली मासळी पाठवायचा करार केला. भाडे आणि विमा विकणाऱ्याने भरायचा, म्हणजे सीआयएफ. नफा सहा टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. कंटेनरचे भाडे दीड लाख धरले होते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलेक्सी लीडर' जहाज पळवले आणि पुढच्या काही आठवड्यांत बड्या जहाज कंपन्यांनी सुएझची वाट सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घातला. समजा भाडे साडेतीन लाख झाले. दोन लाख तिथेच गेले. राहिले ४० हजार. माल बारा दिवस उशिरा पोचणार आणि पैसे पोचल्यावर मिळणार. ४० लाखांवर दहा टक्के दराने बारा दिवसांचे व्याज सुमारे १३ हजार. हातात उरले २७ हजार, आणि एवढ्यात शीतपेटीचे जादा दिवस आले की तेही गेले.

आता हाच करार एफओबी असता, म्हणजे भाडे गिऱ्हाईकाने भरायचे असते, तर दोन लाखांचा भार त्याच्यावर गेला असता. तो पुढच्या वेळी दर पाडून मागेल हे खरे, पण चालू शिपमेंटमध्ये आपण बुडालो नसतो. माझ्या टेबलावर असे कितीतरी करार आले, ज्यांत दर ठरवायला महिना घातला होता आणि भाडे कुणाचे, हा शब्द शेवटच्या मिनिटाला घाईत टाकला होता.

असाच हिशेब आयातकराचा करा. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ७ तारखेला २५ टक्के आणि २७ तारखेला आणखी २५ टक्के शुल्क लावले. तेव्हा औषधे त्यातून वगळलेली होती, मासळी नव्हती. एकाच राज्यातले दोन उद्योग, एकच बातमी, आणि परिणाम दोन टोकांचे. म्हणून 'गोव्यावर परिणाम' असे मोघम न म्हणता मालाचा एचएसएन क्रमांक (मालाच्या वर्गवारीचा सांकेतिक आकडा) काढून त्या क्रमांकावर काय लागू आहे ते पाहायचे.

सातवी पायरी: आपापले कुंपण

निर्यातदाराने करारात भाडेवाढीचे कलम घालावे, एकाच गिऱ्हाईकावर किंवा एकाच देशावर धंद्याचा तिसरा हिस्सा ओलांडू देऊ नये. परकी चलनात येणे असेल तर बँकेकडून फॉरवर्ड बुकिंगचा, म्हणजे पुढच्या तारखेसाठी आज पक्का करायचा दर निदान विचारून ठेवावा. पैसे बुडण्याच्या जोखमीसाठी ईसीजीसी या सरकारी कंपनीचा विमा असतो. त्यात खरेदीदार दिवाळखोर होण्याबरोबर त्याच्या देशातल्या युद्धामुळे किंवा चलनबंदीमुळे अडकलेले पैसेही येतात. छोटे लोक हप्ता वाचवायला हा विमा घेत नाहीत, आणि नेमके तेच एका अडकलेल्या बिलात संपतात.

कर्ज काढणाऱ्यासाठी माझा एक कडक नियम आहे: पूर्ण कर्जफेडीच्या काळात एकाच देशाचे गिऱ्हाईक टिकले तरच हप्ता निघणार असेल, तर ते कर्ज घेऊ नये. सात वर्षांचा हप्ता आणि एका हंगामाचे गिऱ्हाईक, हा मेळ बसत नाही.

शॅकवाल्यांनी, गेस्टहाऊसवाल्यांनी मार्चमध्ये पाहुण्यांची यादी देशाप्रमाणे लावावी. निम्म्याहून जास्त पाहुणे एका भाषेचे असतील तर पुढच्या हंगामात एक नवे गिऱ्हाईक मुद्दाम जोडावे. पुणे-कोल्हापूर-बेळगावचे कुटुंब हे कमी प्रतीचे गिऱ्हाईक मानायची सवय सोडावी. विमाने थांबली तेव्हा तेच गाडी काढून आले होते.

फेणी आणि काजूवाल्यांसाठी दार उघडण्याची नोंद आहे. काजूच्या फेणीला २००९मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. २४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटनने व्यापार करारावर सह्या केल्या, तेव्हा फेणीचे नाव मुद्दाम घेतले गेले. पण करार म्हणजे ऑर्डर नव्हे. प्रत्येक खेपेची चव आणि मद्यार्काचे प्रमाण सारखे ठेवणे, लेबल, आयात-निर्यात कोड हे काम भट्टीवाल्यांनी एकत्र येऊन आत्ताच करायला हवे.

तारवटी आणि आखातातल्या घरांबद्दल मला मनापासून काळजी वाटते. २ ऑगस्ट १९९०ला इराकने कुवेत घेतले, तेव्हा पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय विमानांनी परत आणावे लागले. त्यांत गोव्याची कितीतरी माणसे होती, एका सुटकेसवर आलेली. म्हणून घरी सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. पासपोर्ट, करारपत्र, सीडीसी (तारवट्याचे सरकारी ओळखपुस्तक) आणि विम्याच्या कागदांच्या प्रती घरी आणि फोनवर असू द्या. भरती करणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहा. आखाताला जाणाऱ्याने ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंट नोंदलेला आहे का ते तपासावे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्याने पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाण्याची वाट ३१ डिसेंबर २०२०ला बंद झाली. त्याआधी गेले त्यांचा हक्क टिकला, नंतर जाणाऱ्यांना साधा वर्क व्हिसा लागतो. जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतापासून साडेचार वर्षे ही बातमी येत होती. तरी माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने शेवटच्या महिन्यात जमीन विकून तयारी केली, आणि तिकीट मिळाले तेव्हा तारीख टळली होती.

आठवी पायरी: काय वाचायचे आणि ग्रामसभेत काय विचारायचे

रोज सगळे वाचायची गरज नाही. आपल्या कागदावर जो धागा जाड आहे तेवढाच पाहा. निर्यातशुल्क आणि बंदीसाठी परकीय व्यापार महासंचालनालय आणि सीमाशुल्क मंडळाच्या अधिसूचना. मासळीसाठी एमपीईडीए, म्हणजे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण. पर्यटनासाठी मोपा आणि दाभोळी या आपल्या दोन विमानतळांवर कुठल्या देशाची विमाने लागली आणि कुठली गेली. खनिजासाठी चीनमधला भाव. डिझेल आणि गॅससाठी आखाताच्या तोंडाची होर्मुझची सामुद्रधुनी, कारण ट्रॉलरपासून खानावळीपर्यंत सगळ्यांची शेगडी तिथल्या वाटेवर पेटते.

ग्रामसभेत मोठे भाषण नको, प्रश्न हवेत. खाणी पुन्हा सुरू होत असलेल्या गावांनी विचारावे: जिल्हा खनिज प्रतिष्ठानात (खाणींची झळ लागलेल्या भागासाठीच्या निधीत) आपल्या गावाच्या वाट्याचे किती आले, किती खर्च झाले? २०१४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. त्यामागचा विचार फार मोलाचा आहे. भाव चढा असताना बाजूला काढायचे, कारण डोंगर एकदाच विकता येतो. मुरगावात कोळशाची वाढ होणार असे कळले तर विचारावे: हा कोळसा कुठल्या देशाचा, कुणाच्या भट्टीचा आणि त्यातले आपल्या वाट्याला पगार किती व धूळ किती? तो मुख्यतः कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. हा सौदा आपल्या बाजूचा आहे, असे मला आजवर कुणी आकड्यांनी पटवून दिलेले नाही.

डिसेंबर २०२२मध्ये खाणींचे लिलाव सुरू झाले, तेव्हा त्या साखळीच्या टिपरमालकांचा फोन आला. आता ते साठीला आलेले. म्हणाले, "दादा, पोरगा नवा टिपर घ्यायचा म्हणतो. मे महिन्यात पन्नास टक्के ड्युटी लावली होती ती उठली ना?" मी म्हटले, उठली, १९ नोव्हेंबरला, ५८ टक्क्यांच्या खालच्या मालावरची. ते म्हणाले, "सहा महिन्यांत लावली नि उठवली. मग पुन्हा लावायला किती वेळ लागेल?" मी वही काढली. २०११, २०१६, २०२२, शुल्क बदलल्याच्या तारखा वाचून दाखवल्या. पलीकडे ते पेनाने लिहून घेत होते, कागदाचा आवाज येत होता. मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि फोन तसाच धरून म्हणाले, "जुनी गाडी बघ. तीन वर्षांत फिटेल एवढ्याच कर्जाची."